सातशे सत्तावीसचं कवच

'दलालांपासून सावध राहा' अशी पाटी परिवहन खात्याच्या कचेरीत असते. डहाणूला खात्याचं शिबिर भरायचं तेव्हा ती पाटी पिशवीत घालून आणत आणि भिंतीवरच्या एका खिळ्याला अडकवत. माझी बसायची जागा नेमकी तिच्याखाली. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं, पंखा तिथेच होता. लोक पाटी वाचायचे, मग खाली मला बघायचे आणि विचारायचे, "त्या तुम्हीच का?"

मीच ती. मसोलीत माझं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. सकाळी शिकाऊ लोकांना क्लच सोडायला शिकवायचं आणि दुपारी त्यांच्या कागदांची कामं करायची. लायसन्स, नाव बदलणं, बँकेचा बोजा उतरवणं, उंदराने खाल्लेलं आर.सी. बुक पुन्हा काढणं. बाजारातले गुजराती दुकानदार मला प्रभाबेन म्हणत, शाळामास्तर प्रभाताई म्हणत, आणि पाड्यांवर माझं नाव होतं 'नंबरवाली बाय'. तिन्ही नावांना मी सारखीच ओ देत असे. आता बरंचसं काम मोबाइलवर होतं. मोबाइल बिघडला की लोक अजून माझ्याकडे येतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाडीचा नंबर म्हणजे नुसता ओळखायचा आकडा. तसं नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव माणूस जन्मभर निमूट वागवतो, पण गाडीच्या नंबराच्या बाबतीत त्याला राजासारखं निवडायचं असतं. आमच्याकडे एका होतकरू पुढाऱ्याने ४१४१ असा नंबर घेतला आणि रंगाऱ्याकडून त्या आकड्यांना अशी वळणं देऊन घेतली की ते 'दादा' वाचावेत. मी म्हटलं, "अहो, नंबर वाचताच येत नाही."

तो म्हणाला, "प्रभाबेन, तो वाचायचा नसतो. बघून बाजूला व्हायचं असतं."

निवडणुकीत लोक खरोखरच बाजूला झाले.

पण मला सांगायचंय ते जुन्या गाड्यांबद्दल. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांमधून एकेकाळी कितीतरी विलायती मोटारी होत्या. मालक म्हातारे झाले, मुलं परदेशी गेली आणि गाड्या गोठ्यात गेल्या. कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार थाटले. मग सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केला आणि एकाएकी प्रत्येक कोंबडीच्या खुराड्याला वारसा म्हणायची पद्धत पडली.

नियम तसा सोपा आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली पाहिजेत. सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचंच पाहिजे. मग समिती गाडी तपासते आणि तिला 'व्हिंटेज' ठरवते. नव्याने नोंदलेल्या अशा गाडीला वेगळा नंबर मिळतो, त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्ही ए' ही अक्षरं असतात. जिची जुनी नोंद शाबूत आहे आणि ती तीच गाडी आहे हे पटतं, तिला जुना नंबर ठेवता येतो. 'क्लासिक' नावाचा प्रकार या नियमाला ठाऊक नाही. एक गृहस्थ तीस वर्षांची गाडी घेऊन आले होते. "माझी क्लासिक आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "छानच. आता वीस वर्षं थांबा." ते बाहेरच्या बाकावर बसले. बराच वेळ बसले होते. मला वाटलं, खरंच थांबतात की काय.

गाडी तीच आहे हे ठरतं चेसिस नंबरावरून. कारखान्यात सांगाड्यावर ठोकलेला आकडा. तो नुसता वाचून चालत नाही, त्याचा छाप घ्यावा लागतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, अगदी तसंच. सगळं परिवहन खातं शेवटी या बालवाडीच्या कलेवर उभं आहे. पण डहाणूची हवा खारी. ती पत्र्याला हलके हलके चाटत राहते आणि एक दिवस तिथे आकड्याऐवजी भोक उरतं. एका निवृत्त मास्तरांची स्कूटर अशीच गेली. वय बसत होतं, इंजिन मूळचं होतं, कागद इस्त्री केल्यासारखे होते. कागद ठेवून मी पेन्सिल घासली तर नुसता गंजाचा नकाशा उमटला. मास्तर म्हणाले, "राहू द्या, विद्यार्थीही मला असंच कोरं पान द्यायचे." आणि हसले. पण त्यांनी स्कूटर स्वतः ढकलत भंगारवाल्याकडे नेली, मला हात लावू दिला नाही. ते मला अजून लागून आहे.

म्हणून जयराम धोडी माझ्याकडे आला तेव्हा मी आधी घाबरलेच.

जयराम तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा. उभी हयात त्याने डहाणूला एका पारशी बागायतदाराकडे ड्रायव्हरकी केली. शेठ वारले. त्यांच्या बायको गुलूबाई, वय नव्वदीच्या पलीकडे. त्यांनी बंगला बंद केला, किनाऱ्यालगत भाचीकडे राहायला गेल्या आणि गाडी जयरामच्या नावावर करायचा कागद सही करून दिला. जयरामने ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पाड्यावर नेली. चार दारांची, विलायती, मागून बघितली तर बसलेल्या म्हशीसारखी. तिचा नंबर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सातशे सत्तावीस. पाड्यावर जयरामला कुणी जयराम म्हणत नसे. 'सत्तावीसभाऊ' म्हणत. त्याच्या बायकोला, सोमीबायला, 'सत्तावीसवाली'. सून आली तीही सत्तावीसांकडेच दिली.

"बाय," जयराम म्हणाला, "बाईसाहेबांना एकदा गाडीत बसवून समुद्रावर न्यायची आहे. त्यांनी सांगितलंय."

"मग नवा नंबर घेऊ. व्ही ए. हल्ली त्याला मान आहे."

त्याने मान हलवली. "त्या बसणार नाय."

मला खरं वाटेना, म्हणून मी गुलूबाईंना भेटायला गेले. त्या आरामखुर्चीत होत्या. माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "प्रभा, हूँ तो सातसो सत्तावीसमां परणीने आवी. बीजा नंबरनी गाडी एटले पारकी गाडी. पारक्यानी गाडीमां हूँ बेसूं?"

लग्न होऊन ज्या नंबरात आल्या, त्याच नंबरात बसणार. यावर नियमावलीत उत्तर नव्हतं. जुना नंबर राहिला पाहिजे, आणि तोही गुलूबाईंना गाडीत बसता येतंय तोवर.

समिती तलासरीला यायची होती ती जयरामसाठी नव्हे. महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्या शेठने आपली 'हेरिटेज मोटार' दाखवायला तिला बोलावलं होतं. मी अर्ज करून जयरामची गाडी त्याच दौऱ्यात चिकटवली. हॉटेलपुढे मांडव होता, ब्रास बँड होता, समितीच्या अध्यक्षसाहेबांसाठी शाल आणि श्रीफळ होतं. अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र सफारीत होते आणि 'वारसा' हा शब्द जिभेवर पेढ्यासारखा घोळवत होते. त्यांच्यासोबत निरीक्षक सावेसाहेब. हे आमच्याच भागातले, बोलतात कमी, वाकून बघतात जास्त.

शेठची गाडी झळझळीत होती. लग्नाच्या मिरवणुकीसाठी तिचं छप्पर कापून टाकलेलं. पुढे 'व्ही ए' असा नंबर आधीच रंगवून तयार. बँडने सलामी दिली, शेठने फीत कापली, आणि सावेसाहेबांनी बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघितलं.

"शेठ, हे तर चिकूच्या टेम्पोचं इंजिन."

"अॅवरेज सारुं आपे छे, साहेब," शेठ अभिमानाने म्हणाले.

"देणारच. पण वारसा टेम्पोचा झाला ना."

शेठनी बँडला हाताने 'निघा' म्हटलं. शाल मात्र अध्यक्षांच्या खांद्यावर राहिली. ती कशी परत मागणार?

आम्ही जयरामच्या पाड्यावर पोचलो. भाताची कापणी झालेली, शेत मोकळं, कडेला पेंढ्याची मोठी उडवी रचलेली. गाडी छपराखाली झेंडूची माळ घालून उभी. सावेसाहेबांनी इंजिनाचा नंबर बघितला, नोंदणीच्या जुन्या चोपडीशी जुळला. बॉडी मूळची. छप्पर जागेवर. आता चेसिस नंबर. इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये पत्र्याची जी भिंत असते तिच्यावर तो असायला हवा होता. सावेसाहेबांनी आत डोकं घातलं आणि तसेच राहिले.

"प्रभाताई, इथे बघा."

मी बघितलं. नंबराच्या जागी केशरी, फुगीर, तुकतुकीत असा एक शेंदराचा गोळा होता. मधोमध दोन चांदीचे डोळे बसवलेले.

"जयराम, हे काय?"

जयराम कौतुकाने पुढे आला. "आमच्या शेठनं गाडी आणली तेव्हा मला दाखवलं होतं, ही गाडीची जन्मपत्री. सगळं भविष्य हिच्यात. दर दसऱ्याला ते गाडी पाड्यावर न्यायला द्यायचे, मंग मी तिथंच शेंदूर लावला. नंबरप्लेट काय, ती पुसायची असते. देव तर आत आहे."

एका पारशी गृहस्थाच्या तोंडून एक शब्द निघाला आणि त्याच्यावर पन्नासहून जास्त दसरे चढले होते! पाड्याबाहेरच्या वाघोबाला शेंदूर चढायचा त्याच दिवशी, त्याच वाटीतला, तेलात कालवलेला शेंदूर हिलाही चढायचा. डोळे सोमीबायने नवसाचे बसवले होते. नातू झाला तेव्हा.

"खरवडा," अध्यक्ष म्हणाले. "मला संध्याकाळी दुसरीकडे सत्कार आहे."

"देवाला खरवडायचं?" सोमीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

सावेसाहेब हळूच म्हणाले, "थोडं रॉकेल लावून बघू का?"

"देवाला रॉकेल! तुमच्या घरच्याला लावता?"

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. चेसिस नंबर दिसत नसेल तर गाडी जुनीच कशावरून, आज छाप मिळाला नाही तर शेरा मारून निघू, म्हणाले. समिती पुन्हा या पाड्यावर कधी येणार, हे वाघोबालाच माहीत. जयरामने सोमीबायकडे बघितलं, आणि तिने तोंड फिरवलं. तिलाही नंबर हवाच होता, ती सत्तावीसवाली होती. पण नातवाच्या नवसाचे डोळे कुणी साहेबाने स्क्रू-ड्रायव्हरने उचकटावेत हे तिला कसं चालावं? मला मास्तरांची स्कूटर आठवली.

"भगताला बोलवा," सोमीबाय म्हणाली. "त्यानं सांगितलं तर काढा."

चंदर भगत मोटारसायकलवर आला. बांधावरून खाली उतरता उतरता त्याला सावेसाहेबांची टोपी दिसली. तो थबकला, गळ्यातला गमछा काढला आणि मोटारसायकलच्या मागच्या बाजूवर पसरला. नंबर झाकत होता की नंबर नसल्याचं झाकत होता, ते आम्ही कुणी विचारलं नाही. सावेसाहेब आभाळाकडे बघत होते.

भगताने बॉनेटखाली डोकावून हात जोडले. मग बोटाने शेंदरावर टकटक केलं. कान लावून ऐकलं.

"कवच माणसानं काढायचं नसतं. देव सोडतो ते. साप कात टाकतो तसं."

"कधी सोडेल?" अध्यक्षांनी विचारलं. "अंदाजे?"

"बसल्या जागी कसा सोडंल? त्याला हलवा जरा. गाडी देव आहे ना, मंग चालवा."

"नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणता येणार नाही!" अध्यक्ष गरजले.

"साहेब," सावे म्हणाले, "हे शेत आहे."

बॅटरी मेलेली होती. धक्का मारायचं ठरलं. शेताला नाल्याकडे उतार होता. जयराम आत बसला, बाहेरून पाड्याची पोरं, मी, सावेसाहेब, भगत. गाडी हलेना. अध्यक्षांनी शाल माझ्या हातात दिली, बाह्या सरसावल्या आणि तेही लागले. त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा पहिला असा सत्कार असावा ज्यात त्यांना काही करावं लागलं. तेवढ्यात रस्त्यावर शेठचा बँड घेऊन टेम्पो थांबला. माणसं ओरडताना बघून त्यांना वाटलं लग्न आहे. ते उतरले आणि वाजवायलाच लागले.

"अजून!" सावे ओरडले. "एक, दोन..."

गाडी उतरली, खोकली, काळ्या धुराचा एक लोट थेट सफारीवर सोडला आणि सुरू झाली. केवढा तो आवाज! कोंबड्या छपरावर, पोरं गाडीमागे, क्लॅरिनेटवाला पोरांमागे. जयरामने नाल्याच्या काठावरून गाडी झोकात वळवली आणि शेताला एक वेढा घातला. मग दुसरा. तिसऱ्याला माझ्यासमोरून जाताना मी हाक मारली, "जयराम, पुरे! थांबव आता!"

"ब्रेकचं काम राह्यलंय, बाय!"

पुढच्या वेढ्याला त्याने मला आणखी सांगितलं, "तुम्ही बाजूला व्हा, उडवीत घालतो!"

आणि घातली. अख्खी सातशे सत्तावीस मऊ पेंढ्यात दारापर्यंत गेली. इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं. बँडही थांबला. आणि त्या शांततेत बॉनेटच्या आतून आवाज आला. टण्.

"गिअरबॉक्स गेला," अध्यक्ष म्हणाले. ते खूप गंभीर होते, आणि सफारीबरोबर त्यांचा चेहराही काळा झाला होता.

जयराम पेंढ्यातून वाट काढत बाहेर आला. बॉनेट उघडायला त्याचा हात पुढे होईना. सोमीबायने उघडलं. बॅटरीच्या शेजारी, पत्र्यावर, दोन्ही डोळ्यांसकट, कुठेही न चिरता, कवच उताणं पडलं होतं. आणि भिंतीवर काल ठोकल्यासारखा, तेलाने चकाकणारा आकडा. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. सगळ्या डहाणूची लोखंडं हवेने खाल्ली, हे एवढं वीतभर तेवढं शेंदराने राखलं होतं.

"पडलं का सोडलं?" सोमीबायने भगताला विचारलं. तिला तेवढंच कळून घ्यायचं होतं.

"सोडलं," भगत म्हणाला. "पडलं असतं तर फुटलं असतं."

सावेसाहेबांनी कागद धरला, मी पेन्सिल दिली. ते एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले, मी चोपडीत बोट सरकवत गेले. पाडा श्वास रोखून ऐकत होता, जणू लॉटरीचा निकाल. शेवटचा आकडा जुळला तेव्हा जयराम उडवीला टेकून खालीच बसला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसत होता. बँडवाल्यांना अजूनही नवरा-नवरी कोण ते कळलं नव्हतं, पण त्यांनी अंदाजाने जयराम आणि सोमीबायसमोर वाजवलं. दोघं लाजलीसुद्धा!

कवचाच्या आतल्या बाजूला नंबर उलटा उमटला होता. सोमीबायने ते देव्हाऱ्यात ठेवलं. सावेसाहेब म्हणाले, असा स्वच्छ छाप सगळ्या नोकरीत बघितला नाही, फक्त तो आरशात वाचावा लागेल.

यथावकाश प्रमाणपत्र आलं. जुना नंबर कायम. ते द्यायला अध्यक्षांनी एक समारंभ केला, नवी सफारी घालून, आणि भाषणात वारशाला 'आपण सर्वांनी खांदा दिला' असं म्हणाले. त्या दिवशीपुरतं ते अक्षरशः खरं होतं. शेवटी त्यांनी जयरामला अट वाचून दाखवली. ही गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, भाड्याने द्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. जयरामने अट दोनदा वाचून घेतली. मला वाटलं, आता हा हिरमुसणार. तो म्हणाला, "बेस आहे."

ब्रेक झाले. त्यानंतरच्या रविवारी मी डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली सावेसाहेबांशी बोलत उभी होते. ते सुट्टीवर होते, पण नजर सुट्टीवर नव्हती. लांबून बसलेली म्हैस येताना दिसली. जयराम ड्रायव्हरच्या जागी, इस्त्रीची टोपी घातलेला. मागे पांढऱ्या साडीत गुलूबाई, शेजारी सोमीबाय. सावेसाहेबांनी सवयीने हात केला. गाडी थांबली.

"कुठे, जयराम?"

"पेट्रोल भरायला, साहेब."

"तलासरीहून डहाणूला? वाटेत पंप नाही लागला?"

"लागले ना. एकाकडे गर्दी होती. एकाकडे ओळख नाय. आणि तिसऱ्याचं पेट्रोल तिला सोसत नाय."

"अरे, पण पुढे पंपच नाही. पुढे समुद्र आहे."

जयरामने आरशातून मागे बघितलं. मागची काच खाली झाली. गुलूबाईंनी मान बाहेर काढून समुद्राकडून येणारा वारा नाकभर घेतला.

"अने हवा भरवा, दीकरा," त्या म्हणाल्या.

सावेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"हवा भरणं," ते विचार करून म्हणाले, "देखभालीत येतं. जाऊ दे."